थरथर शमविणारा अभियंता : फ्रेडरिक लँचेस्टर

बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातील फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत नोकरीसाठी आलेल्या एका तरुणासमोर करारपत्र ठेवण्यात आले. पगार आठवड्याला एक पौंड. करारातील एका कलमानुसार नोकरीच्या काळात त्याने केलेल्या प्रत्येक तांत्रिक सुधारणेवर कंपनीचा हक्क राहणार होता. तरुणाने तेवढे कलम खोडले आणि मगच सही केली. कंपनीनेही ती खाडाखोड चालवून घेतली. तरुणाचे नाव होते फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. वय विशीच्या आसपास, हाती पदवी नाही, पाठीशी मोठे नाव नाही. पण आपल्या डोक्यातून जे निघेल ते आपले, याबद्दल मनात शंका नव्हती.

आज टर्बोचार्जर बसविलेली मोटार गुळगुळीत चालते, तिच्या इंजिनाचा दांडा पिळवटून तुटत नाही, चार सिलिंडरांचे इंजिन असूनही आतल्या माणसाचे दात खडखडत नाहीत. या सुखामागे अनेकांचे श्रम आहेत. मात्र थरथर या एकाच शत्रूचा आयुष्यभर पाठलाग करून त्याच्यावर एकामागून एक उपाय शोधणारा माणूस म्हणून लँचेस्टर यांचे स्थान निराळे आहे. गतीतील चढउतार गिळणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील, आणि इंजिनाची शक्ती जोडणारी किंवा तोडणारी घर्षणाची जोडी म्हणजे क्लच. मोटारीतील हे दोन भाग सर्वांत कमी दिसणारे. लँचेस्टर यांच्या विचाराचा धागा याच दोहोंभोवती फिरत राहिला.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुइशॅम भागात झाला. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर वास्तुविशारद होते. आठ भावंडांतील फ्रेडरिक चौथे. ते तान्हे असतानाच कुटुंब दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनकडे राहायला गेले. पुढे साउदॅम्प्टनची हार्टली संस्था आणि मग केन्सिंग्टनचे विज्ञान विद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. गणित आणि यंत्रशास्त्र त्यांनी मनापासून आत्मसात केले. परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांच्या वाटेला मात्र ते फारसे गेले नाहीत. पदवी न घेताच ते बाहेर पडले. काही काळ त्यांनी पेटंटांसाठी आराखडे काढण्याचे काम केले. दुसऱ्यांच्या कल्पना कागदावर उतरविताना कल्पनेची मालकी म्हणजे काय, हे त्यांना नीट कळले असावे. सॉल्टलीच्या करारातील ती खाडाखोड त्यानंतरची आहे.

खोडलेल्या कलमाचे फळ लवकरच दिसले. इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा लंबकाचा नियंत्रक त्यांनी तयार केला आणि तो बसविलेल्या प्रत्येक इंजिनामागे त्यांना दहा शिलिंग मिळू लागले. त्या काळी गॅसचे मोठे इंजिन सुरू करायचे म्हणजे माणसांनी जड चाक हाताने ओढायचे. त्यात अपघातही होत. लँचेस्टर यांनी इंजिन स्वतःहून सुरू करणारी यंत्रणा बनविली आणि तिचे हक्क क्रॉसली या नामांकित इंजिन कंपनीला तीन हजार पौंडांना विकले. आठवड्याला एक पौंड मिळविणाऱ्या माणसाला ही रक्कम म्हणजे स्वातंत्र्यच होते. कारखान्याशेजारी त्यांनी स्वतःची छोटी कार्यशाळा भाड्याने घेतली. धाकटे भाऊ जॉर्ज यांनाही कारखान्यात आणले आणि कालांतराने आपली जागा त्यांच्यावर सोपवून ते प्रयोगांकडे वळले.

या प्रयोगांचे मर्म समजण्यासाठी कुंभाराचे चाक आठवावे. कुंभार काठीने चाकाला वेग देतो, काठी बाजूला ठेवतो आणि दोन्ही हात मातीला लावतो. चाक आपल्या जडपणाच्या बळावर फिरत राहते. चार टप्प्यांच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडर दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर देतो. उरलेल्या वेळात तो हवा ओढतो, दाबतो, धूर बाहेर टाकतो, म्हणजे शक्ती खातोच. मधली पोकळी फ्लायव्हील भरून काढते. म्हणून त्या काळच्या गॅस इंजिनांची चाके प्रचंड असत. इंजिन धक्के देत असेल तर चाक आणखी जड करा, हा त्या वेळचा सरधोपट उपाय होता.

कारखान्यात एका जागी गाडलेल्या इंजिनाला हा उपाय चालतो. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत वजनाची किंमत प्रत्येक चढावर मोजावी लागते. शिवाय फ्लायव्हील फिरण्यातील अनियमितपणा कमी करते. पिस्टन पुढेमागे धावताना सगळ्या इंजिनाला जो हिसका बसतो, त्यावर चाकाच्या वजनाचा काही इलाज नाही. या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत, हे लँचेस्टर यांनी फार लवकर ओळखले. त्यांच्या समकालीन मोटारकारांपैकी बहुतेकांना हा भेद उमगायला पुष्कळ वर्षे लागली.

भावांनी मिळून आधी एक बोट बांधली आणि लँचेस्टर यांचे इंजिन तिच्यात बसविले. मग १८९५ मध्ये मोटारीचे काम हाती घेतले गेले आणि १८९६ च्या प्रारंभी ती रस्त्यावर आली. त्या वेळी इंग्लंडमध्ये मोकळ्या रस्त्यावर यांत्रिक गाडीला ताशी चार मैलांचीच मुभा होती आणि पुढे एक माणूस चालत ठेवावा लागे. हे बंधन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात उठले. लँचेस्टर यांनी घोडागाडीला इंजिन जोडले नव्हते. चाके, स्प्रिंगा, सांगाडा, गिअर, इंजिन अशी सगळी मोटार त्यांनी कोऱ्या कागदावरून उभी केली होती. तिच्या एका सिलिंडरच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनात पिस्टनला दोन दांडे होते. ते दोन निरनिराळ्या क्रँकशाफ्टना जोडलेले होते आणि त्या क्रँकशाफ्ट आपापल्या फ्लायव्हीलसह एकमेकींच्या उलट दिशेने फिरत. एक चाक गाडीला डावीकडे झटका देऊ पाहील तर दुसरे तितकाच झटका उजवीकडे देणार. जात्याच्या दोन बाजूंना बसलेल्या बायकांनी खुंटा समजून ओढावा, तसा हा तोल होता.

पुढच्या गाड्यांत समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे इंजिन आले. त्यातही दोन उलट फिरणाऱ्या क्रँकशाफ्ट आणि दोन फ्लायव्हील होत्या. दोन पिस्टनांसाठी मिळून सहा कनेक्टिंग रॉड. बनवायला अवघड, खर्चिक. पण चालताना विलक्षण शांत. १८९९ मध्ये रिचमंड येथील मोटार प्रदर्शनात आणि चाचण्यांत लँचेस्टर यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले.

शक्ती चाकांपर्यंत पोचविण्याच्या बाबतीतही त्यांचा मार्ग स्वतंत्र होता. युरोपभर तेव्हा फ्रान्सच्या पानार कंपनीची पद्धत रूढ होत होती. शंकूच्या आकाराचा, चामड्याचे अस्तर लावलेला क्लच आणि त्यामागे सरकवून एकमेकांत घुसवायचे दातेरी गिअर. चामडे सुकले की क्लच एकदम धरी आणि गाडी उडी मारी. तेलकट झाले की घसरे. गिअर बदलताना होणारा खरखराट हा चालकाच्या अब्रूचा प्रश्न असे. लँचेस्टर यांनी सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे मधल्या चाकाभोवती फिरणारे गिअर घेतले. त्यांचे दाते सदैव एकमेकांत गुंतलेले असतात. बाहेरच्या पिंपाभोवतीचा पट्टा आवळला की गिअर लागतो. आवळण्यात जे थोडे घसरणे असते, तेच क्लचचे काम करते. आजच्या बहुसंख्य स्वयंचलित गिअरपेट्यांमध्ये याच जातीचे ग्रहगिअर बसलेले असतात.

डिसेंबर १८९९ मध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन झाली. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात कारखाना उभा राहिला आणि १९०१ पासून गाड्या विकल्या जाऊ लागल्या. जॉर्ज कारखान्यात, दुसरे बंधू फ्रँक विक्रीकडे आणि फ्रेडरिक सर्वत्र, अशी विभागणी होती. प्रत्येक सुटा भाग मापाच्या काटेकोर मर्यादेत बनवायचा, म्हणजे कोणताही भाग कोणत्याही गाडीला बसला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. जोडारी कानस घेऊन प्रत्येक भाग जागेवर बसवीत असत त्या काळातली ही गोष्ट आहे. स्प्रिंगांचा झोका माणसाच्या चालीच्या लयीशी जुळावा, म्हणजे शरीराला तो परका वाटणार नाही, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. सुकाणूच्या चाकाऐवजी दांडी मात्र त्यांनी फार काळ चालू ठेवली. हा हट्ट गिऱ्हाइकांना पटला नाही आणि तो त्यांनी वेळेवर सोडायला हवा होता.

पहिल्या गिऱ्हाइकांत मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग होते. पुढच्या काळात आपल्याकडील संस्थानिकांनाही या गाड्यांचा लळा लागला. क्रिकेटमुळे जगभर गाजलेले नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी लँचेस्टर गाड्यांचे मोठे आश्रयदाते होते. अलवारच्या महाराजांसाठी १९२४ साली बनविलेली, राजरथाच्या घाटाची लँचेस्टर तर आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांत चर्चेचा विषय असते.

गाड्यांना मागणी होती आणि कारखाना मात्र पैशाअभावी गुदमरत होता. संचालकांनी प्रारंभी पुरेसे भांडवल घातले नाही; प्रत्येक भाग स्वतः बनविणाऱ्या कारखान्याला यंत्रसामग्रीतच पुष्कळ पैसा गुंतवावा लागतो, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. १९०४ मध्ये, हातात मागण्या असताना, कंपनी अवसायकाच्या ताब्यात गेली. ती लँचेस्टर मोटर कंपनी या नव्या नावाने सावरली. पण फ्रेडरिक यांचे स्थान पहिल्यासारखे राहिले नाही. कल्पनांवर हक्क राखणाऱ्या माणसाच्या हाती स्वतःच्या नावाच्या कारखान्याचा लगाम नव्हता.

याच धामधुमीत १९०२ साली त्यांनी चाकाबरोबर फिरणारी पातळ धातूची तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले होते. कल्पना बिनतोड होती, परंतु धातूवर धातू घासून कर्कश किंकाळी उठे आणि झीजही फार होई. घर्षणाच्या अस्तरांचा कारखानदार हर्बर्ट फ्रूड याने काही वर्षांनी अॅस्बेस्टॉसचे अस्तर सुचविले तेव्हा ती किंकाळी शमली. तरीही डिस्क ब्रेकला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये, ल मां येथील शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी ते वापरून विजय मिळविला तेव्हा. पेटंटाचे आयुष्य थोडे असते. काळाच्या फार पुढे धावलेल्या कल्पनेचे मोल पेटंट संपल्यावर इतरांच्या पदरात पडते. लँचेस्टर यांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडले.

१९०९ मध्ये ते डेमलर या ब्रिटिश मोटार कंपनीचे तांत्रिक सल्लागार झाले. तेथे त्यांची गाठ एका गूढ दुखण्याशी पडली. सहा सिलिंडरांची इंजिने तेव्हा नवी होती. सहा सिलिंडर म्हणजे जोर देण्याचे टप्पे जवळजवळ, म्हणून इंजिन अधिक शांत चालायला हवे. प्रत्यक्षात एका ठरावीक वेगाला ते भयंकर थरथरत असे आणि काही क्रँकशाफ्ट तर चक्क तुटत. धातू चांगला, माप बरोबर, तोलही सांभाळलेला. मग तुटतो का?

उत्तर दांड्याच्या लांबीत होते. पोलाद आपल्याला ताठ वाटते, पण लांब क्रँकशाफ्ट ही एक स्प्रिंगच असते. प्रत्येक स्फोटागणिक ती किंचित पिळली जाते आणि उलगडते. तिच्या पिळण्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलकासा धक्का देत राहिले तर झोका चढत जातो. तसे सिलिंडरांचे धक्के त्या लयीवर पडू लागले की पीळ वाढत वाढत धातूच्या सहनशक्तीपलीकडे जातो. मागच्या टोकाचे जड फ्लायव्हील इथे उपयोगी पडत नाही. ते आपल्या जागी स्थिर गतीने फिरत राहते आणि दांड्याचे पुढचे मोकळे टोक थरथरते.

लँचेस्टर यांनी त्या पुढच्या टोकावर एक छोटे फ्लायव्हील बसविले आणि ते घट्ट न जोडता क्लचमधून जोडले. काही चकत्या दांड्याला, काही छोट्या चाकाला, एकाआड एक रचलेल्या, आणि त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर. दांडा एकसारखा फिरत असेल तर छोटे चाक त्याच्याबरोबर निमूट फिरते. ना झीज, ना शक्तीचा अपव्यय. दांडा थरथरू लागला की चाकाचा जडपणा त्या थरथरीला साथ देण्याचे नाकारतो. चकत्या एकमेकींवर घसरतात, तेल त्या हालचालीला ओढून धरते आणि पिळण्याची ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. क्लच घसरणे हा एरवी दोष मानतात. इथे घसरणे हेच काम होते. वजन वाढवून थरथर दडपण्याऐवजी तिला घसरायला जागा देऊन थकविणे, हा या युक्तीचा गाभा आहे.

रॉल्स-रॉईसचे हेन्री रॉईस यांनीही सहा सिलिंडरांच्या आपल्या इंजिनांवर घर्षणाने चालणाऱ्या छोट्या फ्लायव्हीलचा उपाय केला होता आणि अग्रहक्काचा वाद निर्माण झाला. दोघेही एकाच दुखण्याशी झुंजत स्वतंत्रपणे तेथे पोचले होते, असे मानणे न्यायाचे ठरेल. पण त्यामागचे गणित स्पष्टपणे मांडून उपाय सर्व इंजिनांना लागू होईल असा केला तो लँचेस्टर यांनी. आणि या जातीच्या शामकाला अभियांत्रिकीच्या पुस्तकांत त्यांचेच नाव आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा हा उपाय आजच्या टर्बोचार्जरवाल्या गाडीच्या मालकाला अगदी जवळचा आहे. टर्बोचार्जर सिलिंडरात जादा हवा कोंबतो, त्यामुळे प्रत्येक स्फोट जोरकस होतो आणि पुष्कळसा पीळ इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मिळतो. हौशी मालक हवेचा दाब आणखी वाढवितो आणि मूळचा क्लच घसरू लागतो. क्लच किती पीळ पेलणार, हे दाबणाऱ्या स्प्रिंगेचे बळ, अस्तराची पकड, तबकडीची सरासरी त्रिज्या आणि घर्षणाच्या पृष्ठांची संख्या या चार गोष्टी ठरवितात. स्प्रिंग कडक केली तर पेडल दाबताना पाय भरून येतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर आडवा भार पडतो. धातुमिश्रित अस्तर लावले तर पकड वाढते, पण ते एकदम धरते; गर्दीत गाडी हिसके देते. दोन तबकड्या लावल्या तर घर्षणाची पृष्ठे दोनाची चार होतात आणि पेडल हलके राहते. खर्च मात्र वाढतो. शहरात वापरायच्या गाडीला साध्या अस्तराचा, गरजेपेक्षा थोडीच जास्त क्षमता असलेला क्लच पुष्कळदा पुरतो.

फ्लायव्हीलची निवड याहून फसवी. हलके चाक लावले की रिकामे इंजिन झटकन फेऱ्या घेते आणि गाडी चपळ वाटते. पण सिग्नलवरून निघताना तेच इंजिन बंद पडते आणि गिअर बदलताना फेऱ्या पटकन कोसळतात. आजच्या अनेक टर्बो गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, फ्लायव्हील दोन भागांची असते आणि त्या भागांमध्ये स्प्रिंगा असतात. इंजिनाचे धक्के त्या स्प्रिंगा पिऊन टाकतात, गिअरपेटीपर्यंत पोचू देत नाहीत. १९८० च्या दशकात मोटारीत आलेली ही रचना त्याच पिळाच्या थरथरीवरचा उपाय आहे. ती काढून एकसंध हलके चाक बसविले तर गाडी उभी असताना गिअरपेटी खडखडू लागते. निदान मधोमध स्प्रिंगा असलेली क्लचची तबकडी तरी घ्यावी लागते. ओतीव लोखंडाचे जुने चाक लेथवर कातून हलके करणे तर जिवावरचे काम आहे. उच्च वेगाला ते फुटू शकते. आणि इंजिनाच्या पुढच्या टोकाची, रबराचे कडे असलेली पुली वजन वाचविण्यासाठी काढून तिथे ॲल्युमिनियमची भरीव पुली लावणारा माणूस नकळत लँचेस्टर यांच्या शामकाचा वारसच काढून फेकीत असतो.

डेमलरच्याच काळात त्यांनी चार सिलिंडरांच्या इंजिनाचे दुखणेही हाती घेतले. तिथे दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणजे तोल साधला पाहिजे. पण कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणामुळे पिस्टनची वरच्या अर्ध्या भागातील चाल खालच्या अर्ध्यातील चालीहून जलद असते. हा फरक साचून प्रत्येक फेरीत दोनदा सगळे इंजिन वरखाली हिसकते. लँचेस्टर यांनी क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी दोन वजने योजली. त्यांचे आडवे जोर एकमेकांत विरतात आणि उभे जोर इंजिनाच्या हिसक्याला नेमके छेदतात. १८९५ च्या त्या दोन उलट फिरणाऱ्या फ्लायव्हीलचेच हे प्रगत रूप होते. १९२२ च्या व्हॉक्सहॉल २३-६० या गाडीत ही योजना बसली. त्यानंतर मात्र, महाग म्हणून, मोटारकारांनी ती बराच काळ बाजूला ठेवली.

या माणसाचे निम्मे आयुष्य आकाशाकडे पाहण्यात गेले, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. १८९२ मध्ये अमेरिकेला जाताना जहाजामागून तरंगत येणाऱ्या समुद्रपक्ष्यांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. पंखाच्या टोकापाशी हवेचे भोवरे तयार होतात आणि उचल मिळण्याची किंमत त्या भोवऱ्यांच्या रूपाने मोजावी लागते, हा सिद्धान्त त्यांनी राइट बंधूंच्या उड्डाणापूर्वी मांडला. १८९७ मध्ये त्यांचा निबंध विद्वानांच्या संस्थेने परत पाठविला. १९०७ आणि १९०८ मध्ये तो विचार दोन ग्रंथांतून आला, तेव्हा त्याचे खरे चीज जर्मनीत गटिंगेनला, लुडविग प्रांटल यांच्याकडे झाले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सैन्याचे संख्याबळ आणि लढण्याची ताकद यांचे वर्गाचे नाते सांगणारे समीकरणही त्यांनीच दिले. मोटार, विमान आणि युद्धशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत त्यांचे नाव आहे. तिन्ही ठिकाणचे लोक मात्र उरलेल्या दोहोंबद्दल क्वचितच जाणतात.

स्वभावाने ते तिखट होते. मूर्खपणा दिसला की तो झाकून ठेवणे त्यांना जमत नसे आणि सल्लागाराच्या पेशात हा गुण महागात पडतो. गळा चांगला होता, गाण्याची आवड होती. टोपणनावाने कविताही लिहिल्या. १९१९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, डोरोथिया कूपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मूलबाळ झाले नाही. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. ज्या विद्वत्तेच्या दारातून त्यांचा निबंध परत आला होता, तिथेच आता त्यांना मानाची जागा मिळाली.

मान वाढत गेला, मिळकत आटत गेली. १९२५ मध्ये त्यांनी लँचेस्टर लॅबोरेटरीज ही संस्था काढली आणि ध्वनिवर्धक वगैरे उपकरणे बनविण्याचा प्रयत्न केला. व्यवसाय तगला नाही. डेमलरचे सल्लागारपदही या दशकाच्या शेवटी संपले. १९३१ मध्ये लँचेस्टर मोटर कंपनी डेमलरच्या मालकगटाने विकत घेतली. त्यानंतर बाजारात आलेल्या लँचेस्टर नावाच्या गाड्यांत घर्षणाच्या क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचविणारी द्रवाची फ्लायव्हील होती. त्या गाड्यांच्या नळकांड्यावर नाव त्यांचे होते. आराखडा त्यांचा नव्हता आणि पैसाही त्यांच्याकडे येत नव्हता.

मग कंपवाताने त्यांना गाठले. दोन्ही डोळ्यांची दृष्टीही जात राहिली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याला काही काम करता येत नाही, याची त्यांना खंत होती. ज्यांच्या समीकरणांचा अभ्यास युद्धाच्या नियोजनात होऊ लागला होता, तो माणूस मोझली येथील घरात अंधारात बसून होता. ते घर राहिले तेही मोटार व्यवसायातील मंडळींनी केलेल्या धर्मादाय मदतीमुळे. १९४५ मध्ये यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना जेम्स वॉट पदक दिले. ८ मार्च १९४६ रोजी त्याच घरात त्यांचे निधन झाले. वय ७७.

लँचेस्टर नावाच्या गाड्या पुढे दहाएक वर्षे निघाल्या आणि बंद पडल्या. कोव्हेंट्रीतील तंत्रशिक्षण संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. आज त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ते आहे. १९७० च्या दशकातच जपानच्या मित्सुबिशी कंपनीने दुप्पट वेगाने फिरणाऱ्या दोन दांड्यांची जुनी कल्पना पुन्हा उचलली, दांडे वेगवेगळ्या उंचीवर बसवून तिच्यात भर घातली आणि नवे पेटंट घेतले. पोर्शेने ९४४ या गाडीच्या अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनासाठी त्या पेटंटाचा परवाना पैसे देऊन घेतला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्याच गाडीची टर्बो आवृत्ती आली, तिच्यातही ते दांडे होते. लँचेस्टर यांचे मूळ पेटंट तोवर कधीच संपले होते.